लेथच्या पायांना कुंकू

यवतमाळ, दसरा, १९६३

प्रिय शांता,

आज सकाळी आठला शाळेच्या वर्कशॉपची किल्ली मुलांना दिली. त्यांनी यंत्रांची पूजा केली. अकराला कुलूप लावून घरी आलो. ऊन कडक होते.

चैत्रात तू गेलीस. वर्ष व्हायचे आहे, म्हणून घरी सण नाही. हेडमास्तर म्हणाले, "यंदा तुम्ही पूजेला बसू नका." मी वर्कशॉपच्या व्हरांड्यात स्टुलावर बसलो. तिथे जे पाहिले ते तुला सांगावेसे वाटले.

आपली पहिली पूजा आठवते का? वर्कशॉप नवे, लोखंड कातायचे दोन्ही लेथ नवे. तू तांब्याभर पाणी, हळदकुंकू, अक्षता घेऊन आलीस आणि थेट लेथच्या बेडवर वाहिलेस. ज्या गुळगुळीत पट्ट्यांवर हत्याराचा गाडा सरकतो, नेमक्या त्यांच्यावर. दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचे ठिपके, गाड्याखाली तांदळाचे पीठ. मी न बोलता घासत बसलो. घरीही गप्पच.

"काहून जी, तोंड काहून पाडलं? मी काय तुमच्या मशीनले जहर लावलं का?"

"इथं केसाएवढा फरक चालत नाही. मुलांचं माप चुकतं."

"मंग आधी सांगाचं ना. मी काय जन्मात लेथ पाह्यला होता?"

खरेच होते. तरी हातातला तांब्या ओतण्याआधी एकदा विचारायचे होतेस, शांता.

पुढच्या वर्षी मात्र विचारलेस. कुठे हात लावलेला चालेल ते मी दाखवले. तू म्हणालीस, "देवाच्या बी पायालेच हात लावतो ना आपण? मंग याच्या पायाले कुंकू." तेव्हापासून कुंकू लेथच्या ओतीव लोखंडाच्या पायांना. शिवाय तुझा नेम, की ज्याने आपले यंत्र पुसून तेल दिले नाही, त्याला प्रसाद नाही. मुले तुला घाबरत, मला नाही.

आज तू नव्हतीस. फुलसावंगीचा राठोड यंदाच आठवीत आलेला, उत्साही. तो नारळ घेऊन लेथच्या बेडवर फोडायला निघाला. दिवाळीनंतर त्याच लेथवर मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बेडला खोक पडली असती, तर एकाचेही माप लागले नसते. मी उठलोच होतो.

तेवढ्यात कळंबच्या वानखडेने त्याचे मनगट धरले. नववीतला, उंच, तोच. त्याच्या घरी बौद्ध धर्म घेतल्यापासून पूजा नाही. तो नुसता उभा होता.

"तू त देव मानत नाही. तुले काय करा लागते?" राठोड म्हणाला.

"देव तुमचा. मशीन माही बी हाये. यावरच परीक्षा द्याची हाये मले."

"मंग नारळ कुठी फोडू, तुह्या डोक्यावर?"

"भाईर पायरीवर फोड. डोकं बी परीक्षेलेच लागते."

सगळे हसले, राठोडही. नारळ पायरीवर फुटला. खोबरे वाटायला काढल्यावर वानखडेच म्हणाला, "थांबा बे. आधी तेल. काकूचा नेम हाये." राठोडने बेड दोनदा पुसला. वानखडेने आपल्या लेथला तेल दिले, हात जोडले नाहीत. मी पुन्हा स्टुलावर बसलो.

मुले गेल्यावर बेडवरून बोट फिरवून पाहिले. स्वच्छ होता. बरे वाटले. तू असतीस तर विचारले असतेस, "झालं समाधान?" झाले.

पुढच्या दसऱ्याला मी पूजेला बसेन. नव्या मुलांना कुठे कुंकू लावायचे, कुठे नाही, ते आदल्या दिवशीच सांगेन. बोलून सांगेन, तोंड पाडून नाही. हा शब्द देतो.

दुपार झाली. सकाळचे वरण स्टोव्हवर ठेवले आहे. ते उतरवतो आणि ताट वाढून घेतो.

तुझा,
माधव