केकवरचा सुरंगीचा गजरा

आत्या, आज दुपारी नातीच्या वाढदिवसाचा केक पुरा केला आणि हात नीट न धुताच लिहायला बसले. कागदाच्या कडेला साखरेचा डाग पडलाय तो त्याचा. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. सासरी गेल्यावर लिहायचे ती आईला, आणि शेवटी कोपऱ्यात 'आत्याला नमस्कार' एवढं. तेव्हा हे पहिलंच समज. माझ्या लग्नाच्या दिवशी मागच्या पडवीत तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. ते दुरुस्त करायला बसलेय, पण एकदम तिथवर जायचा धीर होत नाही. आधी इकडचं तिकडचं लिहिते. तुला पाल्हाळ आवडत नसे, ठाऊक आहे मला.

सतराव्या वर्षी तू पांढरं लुगडं नेसून माहेरी परत आलीस ती कायमची. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला आठवतेस ती तिशी ओलांडलेली, मोकळ्या कपाळाची, तिखट जिभेची. तुझ्या हातात काय होतं कोण जाणे, साधी पुरचुंडी बांधलीस तरी ती सोडाविशी वाटत नसे. पण सणावारी उंबऱ्यापुढची रांगोळी तुझ्या हातची चालत नसे. ती आई काढायची, आणि आईची रांगोळी म्हणजे अंगणातून कोंबडी चालून गेल्यासारखी. तू आत खिडकीशी उभी राहून बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. काही न बोलणं तुझ्या स्वभावात मुळीच नव्हतं, म्हणून मला लहानपणीही ते खटकायचं. मग दुपारी सगळे पडले की तू परातीत तांदळाचं पीठ पसरून त्यात बोटाने वेली काढत बसायचीस. मी जवळ आले की परात हलवायचीस, आणि सगळं पुन्हा नुसतं पीठ व्हायचं.

केक आपल्या घरात आला तो कस्टमातल्या कारकुनाच्या बायकोमुळे. तीस साल उजाडायचं होतं, मी बारा वर्षांची होते. आगबोट लागायची तिथे कस्टमाची कचेरी होती, आणि तिथल्या कारकुनाचं ते गोव्याकडचं ख्रिस्ती जोडपं आपल्या शेजारी भाड्याने राहायला आलं. त्या बाईंना मूलबाळ नव्हतं, त्यांनी मलाच हाताशी धरलं. पितळी पातेल्यात किनाऱ्यावरची धुऊन वाळवलेली वाळू घालायची, वाळूवर केकचा डबा ठेवायचा, झाकणावर निखारे रचायचे, हा त्यांचा भाजायचा प्रकार. मैदा बोर्लीच्या बाजारातून यायचा. आईने परवानगी दिली ती एवढीच, "कर काय ते, पण परसात कर. नि अंड्याचं भांडं वन्संच्या भांड्यांना लावू नकोस." आपल्याकडे मासळी-अंडी सगळ्यांना चालत, तुला तेवढी नाही.

मी एकटीने केलेला पहिला केक धाकट्या भावाच्या वाढदिवसाचा. साखर पाट्यावर वाटली, मलमलीतून गाळली, अंड्याच्या पांढऱ्यात रवीने घुसळली, आणि तो लेप केक गरम असतानाच वर ओतला. सगळा ओघळून परातीत आला. मी भोकाड पसरलं. तू पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ओल्या सारवणावर रांगोळी घातलीस तर काय होईल गो?"

"भिजेल."

"मग इथे वेगळं काय झालं? निवू दे आधी."

मग सूप बाजूला ठेवून तू उठलीस. केळीचं पान निखाऱ्यावर शेकून मऊ केलंस, त्याचा निमुळता कोन वळून बाभळीच्या काट्याने टोचलास, आणि टोकाला कातरीने जिऱ्याएवढं भोक पाडलंस. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. त्या बाईंकडे पत्र्याची नळी होती, ती तू कुंपणावरून पाहिली असशील तेवढीच. कोनात उरलेला लेप भरून तू केकवर पहिली रेघ ओढलीस आणि आई दारात आली.

"वन्सं, तुमच्या हातचं ह्याला चालतं का हो? नाही म्हणजे, औक्षणाच्या पाटापुढे ठेवायचंय."

"वहिनी, केकाला काय चालतं नि काय नाही ते पोथीत असायला, पोथी लिहिणाऱ्याने आधी केक बघितलेला हवा."

आई हसली. मग हसू आवरून आत गेली. तेवढी एक जागा तुला मिळाली, वीतभर रुंदीची, कारण तिच्याबद्दल नियम करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. अंड्याचा लेप हाताला लागला म्हणून मी विचारलं तर म्हणालीस, "खाल्लं तर पाप. हात काय, धुता येतो." आणि नंतर गुपचूप विहिरीवर जाऊन अंघोळ करून आलीस. पुढेही दर वेळी केलीस, अगदी थंडीच्या दिवसांतसुद्धा.

पुढची पाच वर्षं मी तुझ्याकडे शिकले. परातीतल्या पिठात आधी शंभर गोल काढायचे, मग केकला हात. माझा हात कापायचा तेव्हा तू म्हणायचीस, "हात नको धरूस, श्वास धर." एकदा मुंबईहून आलेल्या बिस्किटांच्या डब्यावरचे विलायती गुलाब मी केकवर काढले. चांगले जमले होते, अजूनही सांगते. तू सुरीने एका फटक्यात ते खरवडून काढलेस. "हे फूल तू बघितलंयस कधी? वास घेतलायस? मग खोटं कशाला काढतेस? मागे सुरंगीचं झाड आहे ते दिसत नाही तुला?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याबरोबर झाडाखाली कळ्या वेचायला आले. तू रोज त्या वेचायचीस, ओवायचीस, गजरा आईच्या अंबाड्यात आणि माझ्या वेणीत माळायचीस, आणि उरलेला देवाला. तुझ्या पांढऱ्या पदराखालच्या डोक्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

मग केकवर तू सुरंगीचा गजरा काढलास. पाकळ्या लेपाच्या, आणि मधले केसर म्हणजे केशराच्या पाण्यात कालवलेल्या साखरेचे टिपके. ते टिपके द्यायला तू तुझ्या पेटीतून चांदीची एक काडी काढून आणलीस. तुझ्या लग्नातली कुंकवाची काडी. करंडा कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता, काडी तेवढी राहिली होती. तुझ्यासाठी म्हणून मी एकदा बिनअंड्याचा केक केला, दही घालून. तू एक घास खाल्लास, बराच वेळ चावलास आणि म्हणालीस, "चुलीला दगड हवाच होता एक." खरा केक तू कधी चाखला नाहीस.

शेजारी, मैत्रिणी, शाळेतल्या बाई, म्हसळ्याची मावशी, सगळ्यांकडे आपले केक गेले. परातीवर फडकं घालून मी पोचवून यायचे, आणि तू नेमाने एकच गोष्ट विचारायचीस. चव कशी होती ते नाही, पुरला का ते नाही.

"कुणी काढलं, विचारलं का गो?"

"विचारलं."

"मग?"

"आमच्या आत्याने, म्हटलं."

"हं," म्हणायचीस आणि चुलीत फुंकर घालायचीस. चूल चांगली धडधडत असायची, फुंकर घालायची काही गरज नसायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी अठराव्यात होते. सासर पेणचं. रुखवतात लाडू, करंज्या, मण्यांचे पंखे असं सगळं मांडलं होतं आणि मधोमध आपला केक, कारण असलं रुखवत पेणवाल्यांनी पाहिलं नसेल अशी बाबांना खात्री होती. भाजला मी. काढलास सगळा तू. आदल्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत तू मान वर केली नाहीस. कडेने पूर्ण फिरणारा सुरंगीचा गजरा, कळी न् कळी वेगळी, आणि गाठीशी लोंबता दोरा, तोसुद्धा साखरेचा. मग हात धुतलेस, विहिरीवर जाऊन आलीस, आणि लग्नाच्या दिवशी मांडवात न येता मागच्या पडवीत बसून राहिलीस. तुला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे.

सासूबाई बायकांना घेऊन रुखवत बघायला आल्या. लाडवांकडे त्यांनी पाहिलंही नाही. केकवर वाकल्या, गजऱ्याला बोट लावता लावता थांबल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगो बाई! हे कुणाच्या हातचं?"

मी म्हणाले, "माझ्या."

आई शेजारी उभी होती. तिने माझा पदर नीट केला, तो नीटच होता. सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या, कुणी माझी बोटं हातात घेऊन पाहिली, कुणी म्हणालं सोन्यासारखी सून मिळाली. आत्या, मला फार बरं वाटलं. तेवढा वेळ तर मला तुझी आठवणही नव्हती.

निघायच्या आधी मी पडवीत तुला नमस्कार करायला आले. तू उठून उभी राहिलीस, माझ्या साडीला आपला स्पर्श होऊ नये म्हणून जरा मागे सरलीस, आणि नेहमीच्याच आवाजात विचारलंस, "कुणी काढलं, विचारलं का गो?"

मी म्हटलं, "नाही."

तू "हं" म्हणालीस. जवळ चूल नव्हती. मग कनवटीला खोचलेली चिंधी काढलीस, तिच्यात ती चांदीची काडी होती. माझ्या हातात न देता पायरीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "घे. कुंकवाला लावू नकोस, साखरेलाच लाव. आता तुझाच हात." मी काडी उचलली आणि बाहेर आले. मांडवात सगळे वाट बघत होते.

मी स्वतःची समजूत काय कमी घातली? शुभकार्यात विधवेच्या हातचं आहे कळलं असतं तर त्यांनी केक उचलून बाजूला ठेवला असता, तुझा अपमान झाला असता, मी तो वाचवला. दोन वर्षं हे मी मनाशी इतक्यांदा घोकलं की खरं वाटायला लागलं. मग माझ्या मुलीचं बारसं आलं. त्या सकाळी सासूबाईंनी त्यांच्या धाकट्या बहिणीला हाक मारली, तीही तुझ्यासारखीच, पांढऱ्या लुगड्यातली. म्हणाल्या, "पाळण्याखाली रांगोळी तू घाल गो. आमच्यात तुझ्यासारखा हात कुणाचा आहे?" कुणी हूं की चूं केलं नाही. मी ओलीबाळंतीण, बाजेवर पडल्या पडल्या बघत होते. मी तुझं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला त्या सकाळी कळलं. काहीही झालं नसतं. फार तर त्यांनी तुला पडवीतून बोलावून आणलं असतं.

ठरवलं, दिवाळीला माहेरी गेले की पहिलं हेच सांगायचं. पण बारसं झालं ते पावसाळ्याच्या तोंडाशी. आगबोटी बंद झाल्या, आणि त्याच पावसात तू तापाने गेलीस. बाबांचं पत्र तेरा दिवस होऊन गेल्यावर माझ्या हातात पडलं.

त्यानंतर सासरी कितीक केक केले. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, तो रुखवतातला गजरा काढ ना. मी म्हणायचे, इथे सुरंगी नाही, समोर फूल असल्याशिवाय काढू नये. हे वाक्य तुझं, तेही मी माझं म्हणून वापरलं. खरं म्हणजे मला तो तसा कधी जमला नाही. गोल येतो, पाकळी येते, पण ओवलेला वाटत नाही. आजही काढला. नातीच्या मैत्रिणी प्लास्टिकच्या नळ्यांनी भराभर फुलं पाडतात, आणि मी आपली काळवंडलेल्या काडीने टिपके देत बसलेली. नात शेजारी बसून बघत होती. "आजी, तुला कुणी शिकवलं?" म्हणाली. मी सांगितलं, आमच्या आत्याने. ती म्हणाली, "तिचा कसा यायचा?" मी म्हटलं, ह्याहून पुष्कळ चांगला. तेवढं बोलले आणि मला तिथे बसवेना. उठून इकडे आले.

हे पत्र जायचं कुठे? काडीच्या चिंधीतच घडी करून ठेवीन. तू असतीस तर वाचून म्हणाली असतीस की एका ओळीचं काम, चार कागद कशाला नासलेस. खरंय. ओळ एकच आहे.

आत्या, विचारलं होतं. लाडवांच्याही आधी, पहिलं तेच विचारलं होतं.