आकडा विलासचा, पाना माझा

सोमवार, संध्याकाळ

आज मी विलासला मारलं. बायकोचा सख्खा भाऊ, गॅरेजात माझ्यासोबत राबणारा.

परवा आम्ही बबनच्या ट्रकचं मागच्या चाकांना इंजिनचा जोर पोचवणारं डिफरन्शियल बसवलं. बोल्ट किती आवळायचे तो आकडा विलासने गाडीच्या पुस्तकातून वाचून सांगितला, ठरल्या जोराइतकंच आवळणारा टॉर्क पाना मी लावला. आज किन्हीराजाजवळ ते बोल्ट तुटले, मागची चाकं जाम झाली आणि सोयाबीनने भरलेला ट्रक नालीत कलंडला. बबन कसाबसा वाचला. दुपारी शेलूबाजारला आमच्या गॅरेजात येऊन त्याने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली. "जीव घेतं का रे माया?"

त्याच्यावर हात उचलायची हिंमत नव्हती, म्हणून विलासवर उचलला का? "चुकीचा आकडा काहून सांगतला?" म्हणत हाणलं. मुठीत पाना तसाच होता. त्याचा ओठ फाटला.

मग पुस्तक उघडलं. आकडा बरोबर होता, न्यूटन-मीटरचा. मी तो पान्याच्या दुसऱ्या, फूट-पाउंडच्या पट्टीवर लावला होता; तिथे तोच आकडा जास्त जोराचा. बोल्ट नको तितके आवळले गेले, ताणले आणि तुटले.

मुठीत पाना होता हे मला कळलंच नाही? की कळलं होतं?

दवाखान्यात विलासच्या ओठाला टाके पडले होते. मी सगळं सांगितलं. तो कसाबसा बोलला, "भाऊजी, माया ओठाचं जाऊ द्या. बबनले सांगतलं का चूक कोणाची ते?"

"नाही."

त्याने मोबाईलवर बबनचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती, आणि मला पुन्हा विलासला मारावंसं वाटत होतं.