पोटं गळतात

३ फेब्रुवारी

लेसर मशीन आलं. गॅलरीत बसवलं. पुस्तिकेप्रमाणे जोडायला चाळीस मिनिटं लागतात, मला चार तास लागले, कारण मी नीट जोडतो. शेवटी तीन स्क्रू उरले. जास्तीचे दिले असणार.

संकल्प: २ मार्चला अण्णांना एक्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी आमच्या दारावर पाटी. वडिलांनी आयुष्यभर गावाच्या पाट्या रंगवल्या, दवाखान्याच्या, शाळेच्या, सलूनच्या, आणि आमचं दार कोरं. दिव्याखाली अंधार. मजकूर एकच शब्द: 'पेंटर'. त्यांना सगळे तेवढंच म्हणतात, पोस्टमनसुद्धा.

अण्णा चार महिने आतल्या खोलीत पलंगावर आहेत. छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही दाखवायचं-बोलायचं असेल तर लवकर उरका. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. तरी डेडलाइन असलेली बरी.

पूर्ण होईपर्यंत अण्णांना काही सांगायचं नाही. सरप्राइज.

४ फेब्रुवारी

डिझाइन पाच मिनिटांत झालं. फॉन्ट निवडायला सव्वादोन तास.

योजना: प्लायमधून अक्षरं आरपार कापायची, मागे पिवळा कागद. कापलं. उचललं. 'प'चं पोट टपकन खाली पडलं. जे उरलं ते नुसतं भोक. प्लाय हलक्या दर्जाचं आहे.

हिने तो पडलेला तुकडा नेऊन अण्णांना दाखवला. झालं सरप्राइज! पडलेलं पोट हिच्या पोटात राहिलं नाही. अण्णा म्हणाले म्हणे, पोटं गळतात, त्याला पूल ठेवायला सांग. पूल म्हणजे पोटाला धरून ठेवणारी बारीक पट्टी, कापताना मुद्दाम सोडलेली. ते हाताने पत्रे कापायचे तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे.

७ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर असूनही पूल लागतात, असं दिसतं. पण पुलाचं अक्षर पोत्यावरच्या छापासारखं दिसतं. म्हणून मी तंत्रच बदललं. भोकं पाडायची नाहीत, अक्षरंच कापून काढायची. मराठीत सगळी अक्षरं शिरोरेघेला टांगलेली असतात, त्यामुळे शब्द एकसंध निघतो. इंग्रजीवाल्यांना हे सुख नाही. हा शोध मला अंघोळ करताना लागला. हिने तो अण्णांना कळवला. आज कळलं का त्याला, असं विचारून ते खूप हसले म्हणे.

कापलं. एकसंध निघालं. फक्त टिंब सुटलं आणि गॅलरीच्या जाळीतून खाली गेलं. हातात उरलं 'पेटर'.

खाली जाऊन शोधलं. तळमजल्यावरच्या शिक्षिकेने विचारलं, काय हरवलं. टिंब, म्हणालो. ती आत निघून गेली.

१० फेब्रुवारी

धुरामुळे अण्णांना खोकला लागतो, अशी हिची तक्रार. तांत्रिक अडचणीला तांत्रिक उपाय: गॅलरीचं दार बंद, अण्णांच्या खोलीचं दार बंद, खालच्या फटीला ओला टॉवेल. काम होईपर्यंत उघडायचं नाही.

अण्णांनी विचारलं म्हणे, दार का लावलं. हिने सांगितलं, तुमच्यासाठीच चाललंय त्याचं. त्यावर ते भिंतीकडे कुशीवर वळले म्हणे. पटलं असावं.

१३ फेब्रुवारी

आता प्लाय नको. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. मागच्या बाजूने उलटी अक्षरं कोरायची, म्हणजे पुढून सुलटी आणि गुळगुळीत. फार उच्च तंत्र आहे.

गॅलरीत जागा पुरेना म्हणून मशीन जेवणाच्या टेबलावर घेतलं. वीस मिनिटं चालवलं. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडासुद्धा नाही. आमच्या लेसरचा निळा किरण काचेसारख्या वस्तूतून आरपार जातो म्हणे, हे पुस्तिकेत पान ३१ वर आहे. मी पान २८ पर्यंत वाचलं होतं. टेबलावर मात्र 'पेंटर' सुरेख उमटलंय. उलटं.

आजवरचं हे माझं सर्वांत चांगलं कोरीव काम. हिने त्यावर टेबलक्लॉथ घातला. अण्णांना सांगितल्यावर ते हसता हसता इतके खोकले की बसतं करावं लागलं, म्हणाली. मला दाराबाहेर ऐकू आलं होतं. मला वाटलं नुसता खोकलाच आहे.

१६ फेब्रुवारी

आजपासून शिस्त. आधी टेस्ट, मग काम. वेगवेगळ्या वेगाचे आणि ताकदीचे बारा चौकोन जाळून बघायचे, याला टेस्ट ग्रिड म्हणतात. गॅलरीतल्या स्टुलावर औषधाच्या खोक्याचा चपटा केलेला पुठ्ठा पडला होता, तोच घेतला. पुठ्ठ्याला जास्त ताकद झाली, बाराही चौकोन आरपार. पण शिकायला मिळालं.

ही मधूनच येऊन म्हणाली, अण्णांनी दिलेलं बघितलं का, कालच ठेवलंय, आणि ते बोलावताहेत. डोळ्यांवर चष्मा, कानाशी पंखा, मी हो म्हणालो. पाच मिनिटांत येतो म्हणालो. सात वाजता गेलो तर झोपले होते. उठवलं नाही. माणसाला विश्रांती हवी.

१८ फेब्रुवारी

प्लाय संपलं. काम बंद. काम बंद असलं की नको ते आठवतं.

माझी दहावीची सुट्टी. अण्णांनी दुकानाची पाटी नवी केली होती: 'पेंटर', आणि खाली 'आणि मुलगा'. मला न विचारता. मित्र हसले. मी घरी येऊन तोंडाला येईल ते बोललो, मला नाही आयुष्यभर हात रंगवत बसायचं. त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि खालची ओळ पुसली. पुसतानासुद्धा वरच्या ओळीला धक्का लागू दिला नाही. हात काय होता त्यांचा!

त्याआधी लहान असताना मला शिकवायचे. आधी अक्षरं, शिरोरेघ शेवटी. रेघ आधी ओढलीस तर अक्षरं तिला लोंबकळतात, शेवटी ओढलीस तर ती सगळ्यांना कवेत घेते. मी कायम आधी ओढायचो.

मी रेकॉर्ड सेक्शनला लागलो. चांगली नोकरी आहे. ते हा विषय कधीच विसरले असतील.

२२ फेब्रुवारी

नवीन प्लाय आलं. डॉक्टरही येऊन गेले. श्वास कमी पडतोय, म्हणाले. मी त्यांना मशीन दाखवलं. ते वडिलांजवळ बसत जा म्हणाले. मी कोणासाठी राबतोय हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आजचा धडा: कापताना किरण स्वतः थोडं लाकूड खातो. आपण आखतो त्यापेक्षा अक्षर बारीक निघतं. जे गेलं ते आधीच हिशेबात धरावं लागतं.

२५ फेब्रुवारी

जमलं! टिंब मात्रेला टेकवलं, आता सुटत नाही. कल्पना माझी. ही म्हणते, अण्णांनी मागच्या आठवड्यात हेच सांगितलं होतं. असेल. थोरामोठ्यांचे विचार जुळतात.

ही म्हणाली, आत्ताच्या आत्ता दाखवा. पण कडेला तपकिरी डाग आहे, वरून मास्किंग टेप लावून कापलं की डाग पडत नाही. एवढ्या नामांकित पेंटरला डागाळलेली पाटी दाखवू? आणि २ तारीख ठरली आहे.

२७ फेब्रुवारी

टेप लावून परत कापलं. निर्दोष. कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

अण्णांनी विचारलं, झालं का. ही दारातून मला विचारायला आली. तीन दिवस राहिलेत, म्हणून निरोप दिला: अजून थोडं आहे.

२८ फेब्रुवारी

अण्णा सकाळी सव्वासहाला गेले.

टॉवेल फटीला तसाच होता. दार ढकललं तेव्हा अडकला.

२ मार्च

पाटी लावली. लोक येत-जात होते, दोघांतिघांनी छान झाल्याचं सांगितलं. मशीनवर केलंय, म्हणालो. तळमजल्यावरची शिक्षिका पाटीसमोर थांबली. टिंब सापडलं म्हणायचं, म्हणाली, आणि तिलाच रडू आलं. मीही रडलो. मला ते दार उघडायला हवं होतं. धूर थांबवायला मशीनचं बटण होतं, दार कशाला लावलं मी?

९ मार्च

गॅलरी आवरली. बिघडलेल्या प्लायचे सतरा तुकडे. त्याखाली टेस्ट ग्रिडचा पुठ्ठा. फेकताना उलटला.

मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने अक्षरं आहेत. वर 'पेंटर'. पोटाला दोन पूल. टिंब मात्रेला टेकलेलं. बाजूला बाण काढून बारीक अक्षरात 'इथे सोड'. खाली 'आणि', आणि त्यापुढे माझी बारा चौकोनी भोकं. भोकांवर शिरोरेघेचा तुकडा, शेवटी एक काना.

हिला विचारलं. अण्णांनी दिलेला तो हाच, म्हणाली. पलंगावर बसून दोन दिवस काढत होते. हात थरथरायचा म्हणून उशीला टेकवून धरायचे. तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणालात.

'मुलगा' होतं. दुसरं काय असणार!

दुपारभर विचार केला. पुठ्ठा स्कॅन करायचा, उरलेल्या अक्षरांवरून त्यांचं वळण काढायचं, गेलेली अक्षरं बसवायची, दुसरी पाटी. सॉफ्टवेअरला अवघड नाही. मग वाटलं, एवढ्यासाठी मशीन कशाला. मागून कोरा कागद चिकटवला आणि पेन्सिल घेऊन भोकांच्या जागी लिहायला बसलो.

रेघ आधी ओढली. वाकडी आली.