तलावात बुडालेला पंचम

बिष्णुपूर, सोमवार

पूज्य मेजोमामा यांच्या चरणी निताईचे विजयादशमीचे शतशः प्रणाम. मामींनाही प्रणाम, आणि बुलूला आशीर्वाद (ती माझ्याहून उंच झाली असली तरी वयाने लहानच आहे). तुमचा गुडघा कसा आहे? शेकून झाल्यावर लगेच गार फरशीवर पाय टेकू नका, ही विनंती. आईने केलेले नारळाचे लाडू आसनसोलच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे. अठरा आहेत. कंडक्टर प्रामाणिक आहे, पण त्याला गोड आवडतं.

मी दुकान उघडलं तेव्हा आशीर्वाद म्हणून तुम्ही दिलेला बारा कोऱ्या कंडेन्सरांचा डबा देवीच्या तसबिरीखाली जपून ठेवला आहे. त्याला मी अजून हातही लावलेला नाही.

माझी तब्येत ठीक आहे, फक्त झोप नाही, भूक नाही आणि उजवी पापणी फडफडते. कारण असं की, मी एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज घालवला आहे.

आमचे ध्रुपदिये अनादिचरण मास्टरमशाय तुम्हाला आठवत असतील. वयामुळे त्यांचा आवाज बारीक झाला, म्हणून घरी शिकवतानाही ते माइक लावून बसतात. त्यांचा व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर दुर्गापूजेच्या आधी माझ्याकडे आला. तक्रार एवढीच, की माइकची पिन सैल आहे. पिन मी दहा मिनिटांत घट्ट केली. तिथेच थांबलो असतो तर आज नीट जेवत असतो. पण आवाजाची कळ शून्यावर असतानाही आतून ‘हूंऽऽ’ असा घुमारा येत होता, आणि तुम्हीच शिकवलंत की शून्यावरही घुमारा असेल तर विजेच्या वाटेवरचा मोठा कंडेन्सर बघ. बघितला. डोकं फुगलेलं, बुडाशी चिकट डाग. चांगला कंडेन्सर जोडून पाहताच घुमारा बसला. मग बंद करून, बल्ब लावून साठलेली वीज उतरवली (दोनदा, आणि तिसऱ्यांदा मनाच्या समाधानासाठी), आणि नवा कंडेन्सर बसवला. कुणी सांगितलं नसताना, फुकट. ॲम्प्लिफायर असा शांत झाला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही तुमचीच शिस्त. म्हणून तो कागदात बांधून, वर लाल दोरा गुंडाळून पंचमीला जेठिमांच्या, म्हणजे मास्टरमशायच्या बायकोच्या हातात दिला. पूजेच्या दिवसांत ॲम्प्लिफायर कुणी लावलाच नाही. एकादशीला लावला आणि मला बोलावणं आलं. मला वाटलं, शाबासकी.

मास्टरमशाय तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “काय केलंस रे हे, निताई? माझं घर रिकामं केलंस.”

मामा, तो घुमारा त्यांचा पंचम होता! तीस वर्षं ते त्याच्यावर तंबोरा जुळवत आले. त्यांचा षड्ज पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधल्या फटीत का बसतो आणि त्यांच्या एकाही शिष्याचं हार्मोनियमशी का जमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आता ते खुंट्या पिळतात, मान हलवतात आणि तंबोरा खाली ठेवतात. म्हणतात, गळाच गेला. कालीपूजेला त्यांची सभा आहे, पत्रकं वाटून झाली आहेत, आणि ते म्हणतायत, गाणार नाही असं कळवा. जेठिमा म्हणाल्या, “जन्मभर सांगत आले, तो मेला डबा बंद करा. आता तो गप्प झालाय तर हे जेवत नाहीत. तूच येऊन बस इथे, आणि गुणगुण!”

मी जुना कंडेन्सर परत मागितला. पण लाल दोरा बघून त्यांनी ती पुडी निर्माल्यात ठेवली होती. दशमीला ती देवीबरोबर तलावात गेली.

मग मी खराब कंडेन्सर शोधत फिरलो. बाजारातला नंदीबाबू भडकला. “खराब माल? माझ्या दुकानात? एकवीस वर्षांत इतकं तोंडावर कुणी बोललं नव्हतं!” दोन दिवसांनी त्याने हळूच चार दिले, अगदी खात्रीचे खराब म्हणून. चारही उत्तम निघाले. ही फसवणूक नाही तर काय? कमी ताकदीचा चांगला कंडेन्सर लावून पाहिला, तेव्हा मास्टरमशाय म्हणाले, “हा पंचम नाही, हा वाळूचा ट्रक आहे.”

आता काय करावं ते कळवा. गुडघा जपा.

आपला आज्ञाधारक भाचा,
निताई कर्मकार

ता. क. तुमच्या डब्याला हात लावलेला नाही असं वर लिहिलं आहे, ते सकाळी खरं होतं. खाडाखोड मला आवडत नाही, म्हणून तसंच ठेवलं. दुपारी निरुपाय होऊन एक काढला आणि मीटरला लावला. सुई हलली नाही. वाटलं, मीटर बिघडला. मग दुसरा लावला, तिसरा लावला. मामा, रागावू नका, बाराच्या बारा इतके सुंदर वाळलेले, पडून पडून निकामी झालेले कंडेन्सर मी जन्मात पाहिले नव्हते. सातवा अगदी जुन्यासारखा घुमला, तो बसवून ॲम्प्लिफायर घेऊन गेलो. कळ दाबली. मास्टरमशायनी डोळे मिटले, एक खुंटी जराशी उतरवली आणि गायला लागले. जेठिमा मुरमुऱ्यांची वाटी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या.

ता. क. २. असा कंडेन्सर तासाभरात तापून फुटायला येतो, बदलावा लागतो. सभा चार तासांची आणि बारांपैकी बरोबर घुमणारे तीनच आहेत. तेव्हा त्याच खेपेतला आणखी एक डबा लगेच पाठवावा. कृपा करून चांगला पाठवू नका.

ता. क. ३. मास्टरमशाय म्हणाले, ज्यांनी हा माल दिला त्यांना पहिल्या रांगेत बसव. तर नक्की या. तुमची खुर्ची मी ॲम्प्लिफायरपासून लांबच्या टोकाला ठरवली आहे, पण गैरसमज नसावा. माझी त्याला चिकटून आहे, आणि शेजारी वाळूची बादली.