किटलीतला पांढरा थर

बुधवार, १८ नोव्हेंबर ९८, संध्याकाळ
ऊद मेथा, दुबई

शनिवारी केमिस्ट्रीची मिडटर्म. नापास झालो तर बाबा मला चिपळूणला काकांकडे धाडणार, म्हणजे दुबई खलास. आणि मी आज काय केलं? चहाला उठलो, तर किटलीच्या तळाला पांढरा थर दिसला. तोच नखाने खरवडत बसलो. मग वाटलं, हे कार्बोनेट तर नसेल? व्हिनेगर ओतलं, तर थर असा फसफसला! धड्यात हेच तर आहे, ॲसिड आणि कार्बोनेट. इतकं वाचूनही डोक्यात शिरत नव्हतं. तिथेच उभ्याने, पुस्तक न बघता समीकरण लिहिलं. बरोबर आलं!

आई ओरडली, "किटलीला कसला रे आंबट वास? पेपरात किटली येणार आहे का?"

"येईल, आई."

सारख्या शाळा बदलल्या, मधलं केवढं सुटलंय. ते दोन दिवसांत भरेल? माहीत नाही. पण हे एक आता माझं झालंय, तसंच पुढचंही करणार.

खालून पोरं क्रिकेटला हाका मारतायत. खिडकी लावून घेतली. धाकट्या बहिणीच्या, चिनूच्या हातात पुस्तक दिलं. "विचार मला. चुकलो तर हसू नकोस."

"आय विल, हसणारच," ती म्हणाली, आणि पुढचं पान उघडलं.