घाट चढल्याशिवाय मत नाही

अण्णा,

काल तुमच्या बेल्जियनवरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. डोंगरावरून खाली येऊन, चार तास गाडी चालवून घरी पोचले, झोपले, उठले, तरी डोक्यातला वाद थांबलेला नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण पुष्कळदा आली, पण तुमच्याशी बोलायची अशी घाई कधी झाली नव्हती. चहा गार होतोय आणि मी लिहीत सुटले आहे. जगातला सगळ्यात मोठा व्यावसायिक सायकलपटू कोण, हा तुमच्या दुकानातला प्रश्न काल अमेरिकेतल्या एका डोंगरमाथ्यावर मतदानाला आला होता. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात माझा एक जुना गुन्हाही बाहेर पडला.

आपल्या साताऱ्याच्या दुकानातला रविवार माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. तुम्ही चाक उलट्या सायकलवर फिरवून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता आहात. बाकावर पोस्टमनकाका, दूधवाले आणि कॉलेजातले एक प्राध्यापक बसलेत. सायकल चालवायचा पगार मिळतो, या गोष्टीचं त्या बाकाला दर रविवारी नव्याने आश्चर्य वाटायचं. रद्दीतून आलेल्या दोनचार परदेशी मासिकांवर तुमची सगळी विद्या उभी होती, पण ठामपणा असा की जणू शर्यतीत तुम्ही त्या बेल्जियनच्या मागच्याच चाकावर होतात. बेल्जियन तो बेल्जियन. सपाटीवर तो, डोंगरात तो, घड्याळाविरुद्ध एकटा सोडला तरी तोच. मी पंधरा वर्षांची होते. ती मासिकं मीही चित्रं बघून, अडखळत वाचून संपवली होती. एकदा धीर करून म्हणाले की मासिकातल्या त्या जुन्या इटालियन सायकलपटूची ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली, ती त्याला मिळाली असती तर तोच मोठा ठरला असता. तुम्ही चाकावरून नजरही न उचलता म्हणालात, "आधी यवतेश्वरचा घाट चढून ये, मग बोल." बाक हसला. तसा तो नियम सगळ्यांनाच होता. प्राध्यापकांनी एवढं वाचलेलं, पण घाट चढले नव्हते म्हणून त्यांनाही मत नव्हतं. पण त्यांना हसून सांगितलं जायचं, मला तुम्ही तोडून टाकल्यासारखं सांगितलंत. मला ते फार लागलं. पुढच्या महिन्यात मी कपाळाला घाटावरच्या देवळातला अंगारा लावून, भिजल्या पाठीने दुकानात आले. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. सगळ्यांसमोर माझं मत विचारलंत. मी बेल्जियनचं नाव घेतलं. तुम्ही काचेच्या कपाटातली पितळी घंटी काढलीत आणि स्वतः माझ्या सायकलला बसवलीत. आठवडाभर तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत होतात की आमची पोरगी घाट चढली आणि शहाणी झाली.

आता इथलं सांगते. आम्ही मॉरिसव्हिलला राहतो. गाव सपाट, आयटीवाल्यांनी भरलेलं. शनिवारी सकाळी आम्ही पाचजण सायकली काढतो. नागपूरचे एक रिटायर्ड डॉक्टरकाका, सत्तरीचे, सावकाश चालवतात पण थांबत नाहीत. पीएचडी करणारी दोन मुलं, एक पुण्याचा, एक सांगलीचा. मी, आणि माझी मुलगी. वयाच्या पन्नाशीत सायकल पुन्हा हातात धरली आणि मी अगदी तुमच्यासारखी झाले. तुमचा नियमसुद्धा इथे आणला. दर वर्षी एकदा ब्लू रिजच्या डोंगरात जायचं, एक मोठा चढ चढायचा आणि जो चढेल त्यानेच वर बसून मत द्यायचं. मुलांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो टीशर्टवर छापून घेतला.

काल काय चढ होता, अण्णा. वळण संपलं की दुसरं वळण, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि मध्येच एकदम उघडं आभाळ आणि निळ्या डोंगरांच्या रांगा. माझ्या मांड्या पेटल्या होत्या आणि तोंडाने मी त्या पुण्याच्या मुलाशी वाद घालत होते. तो म्हणत होता, काकू, तुमच्या बेल्जियनच्या वेळी अर्धा पेलोटॉन, म्हणजे शर्यतीतला अख्खा घोळका, हिवाळ्यात दुसरी कामं करायचा, आज प्रत्येकजण एकेका शर्यतीसाठी वर्षभर तयारी करतो, आणि तरी हा स्लोव्हेनियाचा पोरगा फिनिश अजून कितीतरी लांब असताना अटॅक करतो आणि सगळ्यांना सोडून जातो. मी म्हटलं, लोखंडी सायकलवर, कानात कुणी सूचना देत नसताना, हिवाळा संपल्यापासून पानगळीपर्यंत दिसेल ती शर्यत मारून दाखव म्हणावं. एवढं बोलून दम लागला आणि तो पुढे निघून गेला.

वरच्या पार्किंगशेजारी लाकडी टेबल होतं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, डॉक्टरकाकांनी अध्यक्षपद घेतलं आणि हात मोजायला सुरुवात झाली. बेल्जियनला दोन, काका आणि मी. स्लोव्हेनियनला दोन्ही मुलं. तेवढ्यात माझ्या मुलीने हात वर केला, तिसरा, त्यांच्या बाजूने. ती ई-बाइकवर आली होती. गेल्या वर्षी सॉकर खेळताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं, आणि तिच्या सर्जननी सध्या बॅटरीच्या सायकलवरच चढायची परवानगी दिली आहे. हे मला माहीत होतं. तिच्या गुडघ्याला रोज बर्फ मीच लावत होते. तरीही तुमचा बेल्जियन हरतोय असं दिसल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, "तुझं मत नाही. आधी पायांनी चढून ये, मग बोल."

अण्णा, तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता. तोच तुटक सूर. मुलं हसली, कारण त्यांना गंमत वाटली. ती हसली नाही. तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "फाइन, आई. पण मी ही रेस फाइव्ह इयर्स तुझ्याबरोबर बघतेय. दॅट काउंट्स फॉर नथिंग?" आणि पुरी तशीच ठेवून ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. ते खरंच आहे. जुलैतल्या सकाळी आम्ही दोघी सोफ्यावर पांघरूण घेऊन टीव्हीवर ती तीन आठवड्यांची शर्यत बघतो. घाटात कुणाच्या खांद्यांची हालचाल बदलली, कोण आता तुटणार, हे माझ्याआधी तिला कळतं. घोड्यावर बसलेल्या माणसाने चालणाऱ्याला शहाणपण शिकवावं तसं मी केलं होतं, आणि मुळात मी तरी घोड्यावर कुठे बसले होते.

म्हणून मग मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते. मी यवतेश्वरचा घाट चढले नव्हते. दोन वळणं चढले, पोटात कळ आली, आणि मागून दुधाचा रिकामा टेम्पो आला. ड्रायव्हरने सायकल मागे टाकली, मला पुढे बसवलं आणि देवळाशी सोडलं. मी देवळाजवळच्या नळावर पाठ भिजवून घेतली, अंगारा लावला आणि उतारावरून वाऱ्यासारखी खाली आले. दुकानात माझ्या जिभेवर त्या इटालियनचंच नाव होतं. पण तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात, आणि लबाडी करून मिळवलेलं मत तुमच्याच विरुद्ध द्यायची मला लाज वाटली. म्हणून बेल्जियन. एकदा बोललेलं निस्तरत मी चाळीस वर्षं त्याची वकिली केली. इतकी केली की तो मलाही पटला.

डॉक्टरकाकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाप्पा, मग तर तुमचं मत तेव्हापासूनच बाद आहे." सांगलीचा मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी मुलीकडे गेले. सॉरी म्हणाले. तिने आधी विचारलं की टेम्पोवाल्याने पैसे घेतले का, मग म्हणाली, "यू चीटेड ऑन अ माउंटन? आई, दॅट इज सो कूल अँड सो बॅड." तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि अण्णा, मला तिथे रडू आलं, हसता हसताच. मग काकांनी निकाल दिला. नियम आजपासून रद्द, ज्याला या शर्यती बघून झोप येत नाही त्याला मत, पाचही जणांनी पुन्हा हात वर करायचे.

तुम्हाला राग येईल का, हे मी सकाळपासून स्वतःला विचारते आहे. बहुतेक तुम्ही चाक फिरवत राहिला असतात आणि संध्याकाळी आईला हसून सांगितलं असतंत की पोरगी टेम्पोने घाट चढली. हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकायचा धीर झाला असता असं वाटत नाही, कारण टेम्पोची गोष्ट तुम्ही एक वेळ पोटात घातली असती, पण पुढची नाही. काल दुसऱ्यांदा हात मोजले तेव्हा तुमच्या बेल्जियनच्या बाजूला डॉक्टरकाका एकटेच राहिले, अण्णा. चार विरुद्ध एक. चौथा हात माझा होता.