ताईची पाटी

हितोयोशी, जूनचा दुसरा आठवडा

सौ. शिनोबूताईस,
धाकट्या चिगुसाचा गुडघे टेकून नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत बसून, पाय उशीवर ठेवून. कारण पुढे येईल.)

तू कशी आहेस? उजवा गुडघा आता दुखत नाही ना? जिने चढताना? आई सांगत होती की टोफूच्या दुकानात सोयाबीनची पोती तू एकटी खांद्यावर घेतेस आणि भावजी नुसतं दार धरून उभे राहतात. ऐकून फार बरं वाटलं. वजन किती भरतं सध्या? सहज विचारलं. इकडे सगळे ठीक. बाबा अजून तुझ्या हरवलेल्या काळ्या पट्ट्यावरून आईला बोलतात, आणि आई मांजरावर ढकलते. मांजर जाऊन दोन वर्षं झाली, तरी.

तर एप्रिलमध्ये मी तिसऱ्यांदा ज्युदोची राष्ट्रीय विजेती झाले, हे तू पेपरात वाचलं असशीलच. स्टेशनवर महापौर हार घेऊन आले होते, मासेवाल्या काकूंनी अख्खा मासा दिला. मी कप घेऊन धावत बाबांच्या तालमीत गेले, कारण मला एकच गोष्ट बघायची होती. भिंतीवरच्या नावांच्या पाट्या, जो सरस त्याची वर. यंदा तरी बाबा माझी पाटी तुझ्या पाटीच्या वर टांगतील, असं मला अगदी आतून वाटत होतं. बाबांनी कप पाहिला, "जड आहे" म्हणाले आणि चहा प्यायला गेले. पाट्या जिथल्या तिथे. तुझं लग्न होऊन सहा वर्षं झाली, टोफू विकतेस, तरी तू वर आणि मी खाली!

मी भांडलेच. म्हटलं, लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मी ताईला सगळ्यांसमोर पाडलं होतं, विसरलात? बाबा म्हणाले, "ती पडली. तू पाडलं नाहीस." बस. एवढं बोलून ते झोपायला गेले. ताई, त्या वाक्यानं मला दोन महिने छळलं गं. जेवताना आठवतं, दात घासताना आठवतं. त्या दिवशी तुझी पकड ऐन वेळी सैल झाली होती, हे मलाही जाणवलं होतं. पण मी तेव्हा आनंदानं रडत होते, म्हणून दुर्लक्ष केलं.

शेवटी परवा दुपारी, बाबा घोरत असताना, मी स्टूल घेतलं. (हो, लाज वाटते. पुढे वाच.) दोन्ही पाट्या काढल्या, एक या हातात, एक त्या हातात. आणि स्टुलाचा पाय सरकला. इतकी वर्षं मी पोरींना पडायचं कसं ते शिकवतेय: हात आपटा, मान आत घ्या. पण हात आपटायला रिकामे नकोत का? घोटा मुरगळला. बाबा उठून आले, मला ओलांडून गेले, पाट्या उचलल्या, तुझी बाहीनं पुसली आणि परत वर टांगली. मग माझी, खाली. आई दारातून म्हणाली, "राष्ट्रीय विजेती स्टुलाकडून हरली. पेपरात देऊ का?"

डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली आहे. मी खुर्चीत बसून सायकलची ट्यूब पर्सिमनच्या झाडाला बांधून ओढत असते. झाड थोडं वाकलंय. आता कळकळीनं सांगते: ती जागा बाबांनी दिलेली मला नको, स्टुलावर चढून तर नकोच. लग्नाला निघताना धाकटीला भेट द्यायचीच होती, तर छत्री द्यायचीस. विजय कशाला दिलास?

असो. भावजींना नमस्कार, पोरांना पापा. उत्तराची घाई नाही.

तुझी,
चिगुसा

ता. क. घाई आहे. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला सगळे घरी येतातच, तशी तूही ये. तालीम दुपारी रिकामी असते. एक लढत, चार मिनिटं. बाबा पंच. मी त्यांना विचारलंय, त्यांनी त्याच दिवशी चटया उन्हात टाकल्या.

ता. क. २. वर गुडघ्याची चौकशी केली ती प्रेमापोटीच. पण दुखत असेल तर आत्ताच डॉक्टरांकडे जा. नंतर कारण म्हणून चालणार नाही. आणि पकड सैल केलीस तर जन्मभर बोलणार नाही.

ता. क. ३. तुझा पट्टा मांजरानं नेला नव्हता. मी घेतला होता. तुझं नाव विणलेली बाजू अंगाकडे वळवून मी तिन्ही वर्षं तोच बांधून जिंकले. आईला सांगू नकोस. परत हवा असेल तर पोस्टानं पाठवणार नाही. माझ्या कमरेला आहे, येऊन सोडव.